कबड्डी सुटली तरी गुडघा का दुखतो?

पस्तिशी-चाळिशीचा माणूस गुडघेदुखी घेऊन येतो. एक्स-रेमध्ये साठीच्या माणसासारखी झीज दिसते. खोदून विचारले की उत्तर मिळते, ‘आधी कबड्डी खेळायचो, डॉक्टर.’ पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात हे नवीन नाही. इथे गावोगावी स्पर्धा होतात, आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून मुलांना त्यात पुढचे भविष्यही दिसते. खेळ उत्तमच आहे. पण त्यात गुडघ्याचे काय होते ते खेळाडूला माहीत हवे.

चढाई करणारा परत फिरतो तेव्हा बचावपटू त्याचा घोटा धरतो. पाऊल जागेवर अडकते आणि शरीर मध्यरेषेकडे वळते. हा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मांडीचे आणि नडगीचे हाड आतून बांधणारा एक मजबूत दोर असतो, एसीएल. तो तुटतो. सोबत बऱ्याचदा दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. मातीत पाय थोडा तरी सरकतो. मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो.

काही दिवसांत सूज उतरते, सरळ चालताना त्रास होत नाही. ‘लचकला होता, बरा झाला’ म्हणून मुलगा पुन्हा मैदानात. खरे नुकसान इथून सुरू होते. दोर तुटलेला गुडघा वळताना सटकतो, आणि प्रत्येक वेळी गादी आणि हाडावरचे गुळगुळीत अस्तर थोडे घासले जाते. या अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ते नीट भरून येत नाही.

स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या फुटबॉलपटूंची अनेक वर्षांनी तपासणी झाली. महिलांमध्ये १२ वर्षांनी सुमारे निम्म्या जणींच्या, तर पुरुषांमध्ये १४ वर्षांनी सुमारे ४० टक्के जणांच्या गुडघ्यात स्पष्ट झीज होती. त्या महिलांचे सरासरी वय फक्त ३१ होते. ऑपरेशन केलेल्यांमध्येही झीज दिसली. म्हणजे ऑपरेशनने गुडघा स्थिर होतो, पण झीज टळेलच असे नाही.

खेळ सुटल्यावर दुसरा भाग. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलो असते, म्हणून खेळाडू काट्यावर लक्ष ठेवतो. नंतर सराव बंद, भूक तीच, मांडीचे स्नायू बारीक आणि पोट पुढे. काहींना खेळावर रेल्वेत, पोलिसात नोकरी मिळते. बाकीच्यांपैकी कितीतरी जण एमआयडीसीत बारा-बारा तास उभ्याने काम करतात. शिफ्ट निभावी म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेतात, तेही रोज. मला गुडघ्यापेक्षा याची भीती जास्त वाटते. या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो. आणि भट्टी-बॉयलरजवळ घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा माणूस असेल तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. महिनोन्‌महिने गोळ्या चालू असतील तर रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

जुन्या खेळाडूंनी गुडघा दुखतो म्हणून हालचाल बंद करू नये. फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम नीट शिकून घ्या, सायकल चालवा, पोहा. वजन जास्त असेल तर एक किलो कमी केल्याने प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. गोळीपेक्षा हा सौदा चांगला.

अजून खेळणाऱ्यांसाठी: पीळ पडताना ‘कट्’ असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, किंवा नंतर तो अडकतो, सटकतो असे वाटले, तर मालीश करू नका आणि हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नका. बर्फ लावा, भार टाळा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. एमआरआय लागेल का ते सांगतील. एसीएलचे ऑपरेशन झाले असेल तर किमान नऊ महिने सामना नाही, आणि त्यानंतरही दोन्ही पायांची ताकद मोजून, जवळपास सारखी झाल्यावरच. गावची स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.