सैल साखळी आणि निर्दोष ठरलेला आर्म

जुन्या मोटारीच्या इंजिनातील टायमिंग चेन सहसा तुटत नाही. ती सैल पडते, आणि इंजिनाचा घात बहुधा या सैलपणानेच होतो. जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन भागात तयार होणाऱ्या पोर्शे 911 या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची पहिली वीस वर्षे हे त्याचे बोलके उदाहरण आहे. नावाजलेले इंजिन, उत्तम कारागिरी, आणि तरीही मुठीत मावणाऱ्या एका भागाने मालकांची झोप उडवावी, असा तो प्रकार होता.

सप्टेंबर 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही मोटार प्रथम मांडली गेली, तेव्हा तिचे नाव 901 होते. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ते 911 झाले. गाडीच्या मागच्या टोकाला बसविलेल्या या इंजिनात सहा सिलिंडर. तीन डाव्या अंगाला, तीन उजव्या अंगाला, आणि सारे आडवे पहुडलेले. दोन्ही अंगांना एकेक कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टची गती त्याच्या खाली असलेल्या एका मधल्या शाफ्टला मिळते आणि तेथून दोन दुपदरी साखळ्या दोन बाजूंच्या कॅमशाफ्टकडे जातात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा, एवढेच या साखळ्यांचे काम. परंतु इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो व मिटतो. त्या घाईत साखळी स्प्रॉकेटवरून काही दात सरकली, तर व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन त्याच्यावर येऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला खड्डे पडतात, आणि गाडी ढकलत गॅरेजकडे न्यावी लागते.

साखळी लांबते असे म्हणतात, त्याचा अर्थ पोलाद ताणले जाते असा नव्हे. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश यांची अतिशय थोडी झीज होते. अशा अनेक कड्यांची झीज एकत्र झाली की साखळीची लांबी वाढलेली दिसते. शिवाय हे इंजिन हलक्या मिश्रधातूचे आहे. तापले की ते पोलादी साखळीपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि शाफ्टमधले अंतर बदलते. म्हणून साखळीचा ताण एकदा बांधून देऊन चालत नाही; तो इंजिनाच्या तापमानाप्रमाणे क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. हे काम टेन्शनरचे. लहानशा नळकांड्यात एक स्प्रिंग आणि थोडे ऑइल. त्याचा दांडा एका आर्मला दाबतो, आर्मच्या टोकाला एक मोकळे स्प्रॉकेट असते आणि ते साखळीच्या सैल बाजूवर टेकून राहते.

जुन्या 911 मधील टेन्शनर बंद डबीसारखे होते. आतले ऑइल कारखान्यात भरलेले; ते झिरपून गेले की पुन्हा भरले जाण्याची सोय नाही. ऑइल गेले की उरते ती नुसती स्प्रिंग, आणि साखळीचे हिसके तिला एकटीला पेलत नाहीत. दांडा आत बसतो, साखळी लोंबते आणि घराच्या भिंतीवर आपटू लागते. मागच्या बाजूने, बहुधा एकाच अंगाकडून, डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट ऐकू आला की इंजिन त्याच क्षणी बंद करावे. घरापर्यंत एवढेच जाऊ, म्हणणाऱ्याला तेवढेच अंतर महाग पडू शकते.

अनेक वर्षे टेन्शनरलाच गुन्हेगार ठरवून तो तेवढा बदलला जात असे. नवा टेन्शनरही पुढे लवकर बसला, की नशिबाला बोल लावायचा. वास्तविक दोषाचा मोठा वाटा शेजारच्या आर्मकडे होता. आर्म ज्या पिनवर फिरतो, तेथील बुश अरुंद होता. साखळीच्या ओढीने आर्म किंचित तिरका होई आणि आपल्याच पिनवर अडकून बसे. अडकलेल्या आर्मला हलविण्याचा सारा भार टेन्शनरवर येई. 1980 च्या सुमारास कारखान्याने रुंद बैठकीचे, ब्राँझ बुशचे आर्म वापरण्यास आरंभ केला तो याच कारणाने. काही गॅरेजवाल्यांनी टेन्शनरच्या दांड्यावर एक कडे आवळण्याची युक्तीही काढली. टेन्शनर बसलाच तरी त्या कड्यामुळे दांडा पूर्ण आत जात नाही आणि साखळी दात सोडण्याइतकी सैल होत नाही. हा उपचार नव्हे, पण पडणाऱ्याच्या खाली अंथरलेली गादी खरी.

खरे उत्तर आले ते 1984 च्या 3.2 लिटर करेरा मॉडेलबरोबर. नव्या टेन्शनरला इंजिनाच्या स्वतःच्या ऑइलचा दाब एका बारीक नळीने पुरविण्यात आला. इंजिन चालू आहे तोवर टेन्शनर भरलेला. कल्पना इतकी साधी की ती सुचायला वीस वर्षे का लागावीत, असा प्रश्न पडतो. सोय अशी, की हाच संच जुन्या इंजिनांवरही बसविता येतो. कॅमशाफ्टकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळीतून फाटा काढायचा. टेन्शनरची नळी साखळीच्या घराच्या झाकणातून आत जाते, म्हणून झाकणेही नवी घ्यावी लागतात.

काम इंजिन गाडीतच ठेवून होऊ शकते. मात्र मागचा सायलेन्सर आणि भोवतालचे पत्रे उतरावे लागतात. मजुरीचा मोठा भाग या उघडण्यात आणि पुन्हा झाकण्यात जातो. म्हणूनच झाकण उघडले असताना केवळ टेन्शनर बदलून आर्म तसाच ठेवणे ही बचत नव्हे. व्यापारी घरांना हा हिशेब नव्याने सांगायला नको. साखळीला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या सहा पट्ट्यांवर खोल चर पडले असतील, किंवा त्या तापून ठिसूळ झाल्या असतील, तर त्याही बदलाव्यात. साखळीच बदलायची झाल्यास इंजिन दुभंगण्याची गरज नसते. जुनी साखळी तोडून तिच्या टोकाला नवी जोडतात, हाताने इंजिन हळूहळू फिरवीत नवी आत ओढून घेतात आणि शेवटची कडी रिव्हेट करतात. या वेळी दोन्ही टोके ताणून धरण्यास दुसरा माणूस लागतोच. एकट्याने करू जाणाऱ्याचे टोक हातून निसटून इंजिनाच्या पोटात जाते.

परंतु कसोटी लागते ती भाग बसविण्यात नव्हे, मोजण्यात. साखळीचा ताण बदलला की कॅमशाफ्टची वेळही किंचित बदलते. म्हणून पुलीवरील झेड 1 ही खूण इंजिनाच्या सांध्याशी जुळवून, पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हमध्ये 0.1 मिलिमीटर मोकळीक ठेवून, त्यावर डायल गेज लावतात. नंतर इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवायची आणि तो व्हॉल्व्ह किती उघडला ते पाहायचे. 3.2 करेराला हे माप 1.1 ते 1.4 मिलिमीटरच्या दरम्यान हवे. कमी-अधिक भरल्यास स्प्रॉकेटमधील लहान पिन काढून दुसऱ्या छिद्रात घालतात; छिद्रांची रचना अशी, की एका वेळी एकच जोडी समोरासमोर येते. मग आणखी एक फेरा, आणि दुसऱ्या अंगाच्या चौथ्या सिलिंडरवर तेच सारे. बोल्ट आवळताना माप सरकते, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजावे लागते. काही वेळा हा खेळ तीन-चारदा होतो. इंजिन फिरविताना पान्याला जराही कडक अडथळा जाणवला तर जोर करायचा नाही. तो बहुधा व्हॉल्व्हला टेकलेला पिस्टन असतो.

नवा टेन्शनर दाबून, बारीक तार घालून आत धरलेला असतो. ती तार झाकण लावण्यापूर्वी काढायची राहून गेली, तर सारी मेहनत वाया. जुनी तार बाकावर मोजून ठेवण्याची सवय काही मेकॅनिकना असते. दोन बाजूंना मिळून दोन टेन्शनर, म्हणून बाकावर दोन तारा दिसल्याशिवाय ते झाकणाला हात लावीत नाहीत.

सारे बसल्यावर इग्निशन तोडून, केवळ स्टार्टरने इंजिन फिरवीत ऑइलचा दाब येऊ देतात आणि मगच ते सुरू करतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टेन्शनरमधून ऑइल थोडे उतरते; त्यामुळे सकाळी पहिल्या एक-दोन सेकंदांपुरता खडखडाट झाला तर घाबरण्याचे कारण नाही. तो तेवढ्यात न थांबल्यास मात्र झाकण पुन्हा उघडावे लागते. गाडी गरम झाल्यावर नव्या नळ्यांच्या सांध्यांवरून स्वच्छ पांढरे फडके फिरवून पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर तेच फडके पुन्हा.