घरातले छोटे सोबती (लेखांक ७) : आईच्या पोटातच मोठी होणारी पिल्लं

गेल्या लेखांकात गिनी पिगमधला नर आणि मादी ओळखण्याची रीत सांगितली होती. ती रीत न पाहता जोडी घरी आणली की काय होतं, तो या आठवड्याचा विषय. ‘दोन्ही माद्याच आहेत’ या भरवशावर आणलेल्या जोडीतली एक महिना-दीड महिन्यात रुंदावत जाते. आपल्याला वाटतं, हिला आपलं घर मानवलं. आमच्या चिंगीच्या बाबतीत हेच झालं. ज्येष्ठात ती आणि मोती आले. श्रावण लागला तेव्हा वरून पाहिल्यावर ती मृदंगासारखी दिसायला लागली होती, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. एका सकाळी तिच्या पोटाखाली हात धरला आणि तळव्याला आतून चांगली ढुशी लागली. मोती नर आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

कधी कधी तर आणलेली मादी एकटीच असते आणि तरीही गाभण निघते. यात नवल काही नाही. मादी चार ते सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि विक्रीच्या पिंजऱ्यात नर-माद्या एकत्र असल्या तर ती गाभण होऊनच घरी येते. म्हणून नवी मादी आणल्यावर पुढचे दहा आठवडे ती गाभण असू शकते असं धरून चालावं. तशी नसली तर काही बिघडत नाही. असली तर या गृहीतकानं तिचा जीव वाचू शकतो.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, सशीण महिन्याभरात. त्यांची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली, मांसाच्या गोळ्यासारखी असतात. उरलेली वाढ बिळातल्या उबेत होते. गिनी पिगचं तसं नाही. तिचे दिवस ५९ ते ७२, आणि पोटात पिल्लं जास्त असली तर थोडे कमी. एवढ्याशा प्राण्याला दोन महिन्यांहून जास्त! याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतातल्या गवताळ माळांवर आहे. तिथं हजारो वर्षांपूर्वी माणसानं हा प्राणी पाळीव केला. पेरूमध्ये त्याला ‘कुय’ म्हणतात आणि आजही तो तिथं मुख्यतः खाण्यासाठी पाळतात. याचे रानातले भाईबंद उघड्या गवतात वितात. तिथं जन्मलेल्या पिल्लाला लगेच पळता आलं पाहिजे. म्हणून ते अंगभर केस, उघडे डोळे आणि खऱ्या दातांसह जन्माला येतं. त्याचे दुधाचे दात पोटातच येऊन विरलेले असतात.

पिल्लाची ही सगळी वाढ आईच्या अंगावर होते. शेवटी शेवटी पोटातला भार तिच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकतो. त्यामुळे हिची खरी काळजी बाळंतपणानंतर घ्यायची नसते, ती आधीच्या दोन महिन्यांत घ्यायची असते. पिल्लं झाल्यावर धावपळ करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

पहिलं साधन म्हणजे ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. परडीत कापड घालून मादीला ठेवा, आठवड्यातून दोनदा वजन करा आणि वहीत लिहा. चिंगी आली तेव्हा ७८० ग्रॅम होती, शेवटच्या आठवड्यात ११९० झाली. वाढता आकडा गाभण असल्याचं सुचवतो, पण माझ्या मते जपायचं ते उतरत्या आकड्याला. शेवटच्या पंधरवड्यात वजन घसरलं तर ते संकटाचं पहिलं लक्षण, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. पोट दाबून पिल्लं मोजायचा मोह मात्र टाळा. ते काम डॉक्टरांचं. सोनोग्राफीत सगळं स्वच्छ दिसतं. उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. शेवटी शेवटी तर उचलूच नका, परडी आडवी ठेवा आणि तिला स्वतःहून आत येऊ द्या.

आता खाणं. गिनी पिगचं शरीर माणसासारखंच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. वैद्यकानं याचा मोठा फायदा करून घेतला. १९०७ मध्ये नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या दोघांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना दर्यावर्दी लोकांना होणारा स्कर्व्ही झाला. कोबीसारखी ताजी भाजी दिल्यावर तो टळला. पुढे जीवनसत्त्वाचा जो शोध लागला, त्याची वाट या मुक्या जिवांच्या दुखऱ्या सांध्यांवरून गेली आहे. एरवी तिला किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम पुरतं, गाभणपणी ३० च्या आसपास लागतं. ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे किलोभर वजनाच्या मादीला रोज ४० ग्रॅम मिरची झाली. जोडीला कोथिंबीर, आणि पेरूची बोटाएवढी फोड अधूनमधून. पाण्यात मिसळायचे थेंब मिळतात, पण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासतं आणि चव बदलली की मादी पाणीच कमी पिते. मी तरी त्यांच्या वाटेला जात नाही.

पोटाचा मुख्य आधार मात्र वाळलेलं गवतच. परदेशी गवत महाग पडतं. हरळी सावलीत वाळवून द्या, चालते, फक्त औषध फवारलेल्या किंवा कुत्री फिरणाऱ्या जागेतली नको. गाभण असताना आणि पिल्लं पीत असताना चुना जास्त लागतो, त्यासाठी वाळवलेला लसूणघास रोज मूठभर द्यावा. नावात लसूण असला तरी लसणाशी त्याचं नातं नाही. उलट खरा लसूण आणि कांदा तिला अजिबात द्यायचा नाही. ओल्या लसूणघासानं जनावरांना पोटफुगी होते हे गोठ्यातली माणसं जाणतात, इथंही तोच नियम. कोवळी हिरवी ज्वारीही नको, तिच्यात विष असतं.

खाण्याची ही कटकट इतक्या तपशिलानं सांगतोय, कारण शेवटच्या दोन आठवड्यांत आणि व्याल्यावरच्या पहिल्या आठवड्यात एक फार वाईट दुखणं येऊ शकतं. पिल्लांनी पोट भरलेलं, अन्नाला जागा कमी, आणि त्यात मादी लठ्ठ असली किंवा कशानं तरी घाबरून जेवली नाही, तर शरीर साठवलेली चरबी भराभर वापरायला लागतं. त्यातून रक्तात विषारी द्रव्यं साठतात. मादी कोपऱ्यात अंग फुगवून बसते, आवडती कोथिंबीर पुढं धरली तरी तोंड लावत नाही, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. यानंतर हातात तास उरतात, दिवस नाही. म्हणून एक वेळचं खाणं टाकलं की डॉक्टरांना फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. आणि या दिवसांत पिंजरा हलवणं, नवा सोबती आणणं, पाहुण्यांच्या मुलांच्या हातात देणं, सगळं बंद. ऊनही तिला फार बाधतं. वैशाखात गाभण असेल तर घरातला सगळ्यात गार कोपरा तिचा. गोठवलेली पाण्याची बाटली पंचात गुंडाळून शेजारी ठेवावी.

दुसरा धोका हाडांचा. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन हाडं जिथं जुळतात, तिथला सांधा विण्याच्या आधी सैल होऊन उघडतो. एवढी मोठी पिल्लं बाहेर यायची तर तो उघडावाच लागतो. हा सांधा कशानं सुटतो, ते अमेरिकेत फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये दाखवलं. गाभण जनावराच्या रक्तातला द्रव न व्यालेल्या गिनी पिगना टोचला, तर त्यांचाही सांधा ढिला पडला. त्या द्रव्याला पुढे रिलॅक्सिन हे नाव मिळालं, आणि बायकांच्या बाळंतपणाच्या अभ्यासातही ते आलं. पण मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल, तर हा सांधा घट्ट होऊन बसू शकतो. मग पिल्लू अडकतं. अशा मादीचं पोट फाडून पिल्लं काढणं हे जोखमीचं काम आहे आणि त्यात आई पुष्कळदा दगावते. यावरून कुणी ‘मग लवकर एकदा वेत होऊ द्यावं’ असा अर्थ काढू नये. न विलेल्या मादीचं काहीच अडत नाही. वय माहीत नसलेली मादी गाभण असल्याचा संशय आला, की त्याच आठवड्यात या प्राण्यावर उपचार करणारे डॉक्टर शोधून ठेवावेत. गाईगुरांचा दवाखाना गावोगाव असतो, पण गिनी पिगचा अनुभव असलेले डॉक्टर बहुतेक मोठ्या शहरांतच भेटतात. आणखी एक, घरातलं अमॉक्सिसिलिन तिला कधीही देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं पोटात गेली की तिच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यानं ती दगावते.

नराला विण्याच्या आधीच वेगळं करायला हवं. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, आणि थकल्या अंगानं लागलीच दुसऱ्यांदा गाभण राहते. मादी सोबतीण मात्र राहू द्या, तिनं आईला धीर येतो.

प्रत्यक्ष विणं बहुधा अर्ध्या तासात आटोपतं. चिंगी पहाटे व्याली. मी जागा झालो तेव्हा ती बसून, मान खाली घालून पुढच्या पिल्लाभोवतीचं आवरण दातांनी सोडवत होती. वार ती स्वतःच खाते, खाऊ द्यावी. आपण दोन हात लांब बसायचं. हात घालायचा तो एकाच वेळी, आई दुसऱ्या पिल्लात गुंतली आणि पहिल्याच्या नाकातोंडावर आवरण तसंच राहिलं तर. मऊ कोरड्या कापडानं ते पुसून पिल्लू तिच्यापुढं ठेवायचं. वीस मिनिटं कळा देऊनही पिल्लू दिसत नसेल, किंवा रक्त थांबत नसेल, तर परडीत घालून थेट दवाखाना.

चिंगीला तीन पिल्लं झाली : ९१, ८४ आणि ५२ ग्रॅम. साठाच्या खालचं पिल्लू जगणं अवघड असतं. ते सगळ्यात लहान दुसऱ्या दिवशी गेलं. चिंगी बराच वेळ त्याला हुंगत होती.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही आई थंड वाटते. ती घरटं करत नाही, लांब गेलेल्या पिल्लाला तोंडात धरून आणत नाही. तिचं बरंचसं काम पोटातच झालेलं असतं. तिला सड दोनच, पण पिल्लं आळीपाळीनं पितात आणि तीन-चारही निभावतात. सड गरम, कडक किंवा निळसर झाले तर मात्र डॉक्टर. पिल्लं एक-दोन दिवसांतच गवत कुरतडायला लागतात आणि आईची मऊ लेंडी खातात. ते पाहून घाबरू नका, पचनाला लागणारे जंतू त्यांना तिथूनच मिळतात. रोज वजन करा. पहिले दोन दिवस आकडा थोडा उतरतो, तिसऱ्या दिवसापासून चढायला हवा. पाण्याचं भांडं उथळ असू द्या, आणि पिंजऱ्याच्या गजांमधून पिल्लू निसटत नाही ना ते पाहा. आई गेली किंवा दूध आटलं तर काय पाजायचं ते डॉक्टरांना विचारा. पिल्लाला उताणं धरून काहीही पाजू नका, दूध फुप्फुसात जातं.

आणि विसाव्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. एकविसाव्या दिवशी नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करायची. नाहीतर हीच गोष्ट पुन्हा सुरू होते. आमच्याकडे ९१ ग्रॅमवालं नर निघालं. त्याला मोतीच्या पिंजऱ्यात ठेवलं, मधे जाळी, पलीकडे चिंगी आणि तिची लेक. पहिली रात्र ते जाळीला नाक लावून शीळ घालत राहिलं. पहाटे मोती आळस देत उठला, त्याच्याशेजारी येऊन बसला, आणि दोघं एकाच काडीची दोन टोकं धरून हरळी खायला लागले.