तोडीची यादी लवकर कशी निघते?



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागात एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमचा नंबर कितवा?" उत्तर ऊसनोंदीत असते. पण नोंदी संगणकात भरल्या म्हणजे यादी आपोआप झटपट निघते असे नव्हे. त्यासाठी इंडेक्स, म्हणजे सूची लागते.

आपल्या ओळखीच्या कागदांवरून हे समजून घेऊ. सातबारा गट नंबरवार असतो, आठ-अ खातेवार. होटगीच्या एखाद्या खातेदाराची पाच गटांत जमीन असेल व एकूण क्षेत्र हवे असेल, तर गावचे सगळे सातबारे चाळत कोण बसेल? आठ-अ उघडला की बेरीज एका जागी मिळते. जमीन तीच, मांडणी दुसरी. इंडेक्स तो हाच.

तारखेवार यादी मागितली की संगणक आधी सगळ्या नोंदी वाचतो, मग क्रम लावतो. 'लागण हंगाम, मग लागण तारीख' असा इंडेक्स असेल तर आडसालीच्या नोंदी एकत्र आणि आधीच तारखेवार असतात. पहिल्या पन्नास हव्यात, तर पन्नासच वाचायच्या. मात्र हंगाम न सांगता नुसती तारीख विचारली, तर हा इंडेक्स फारसा कामाचा नाही.

बेरजेचेही तसेच. 'जात, क्षेत्र' असा इंडेक्स केला की को ८६०३२ च्या नोंदी सलग येतात. बेरीज करीत जायचे, जात बदलली की आकडा मांडायचा. क्षेत्र तिथेच असल्याने मूळ नोंद सहसा उघडावी लागत नाही.

इंडेक्स सतत क्रमात ठेवण्याची 'बी-ट्री' ही पद्धत बायर व मॅकक्राइट यांनी १९७० साली मांडली. ती आजही सर्रास वापरात आहे.

मग प्रत्येक रकान्याचा इंडेक्स का करू नये? फेरफार झाला की सातबारा आणि आठ-अ दोन्ही दुरुस्त करावे लागतात. तसेच नवी नोंद आली की सगळे इंडेक्स दुरुस्त होतात, जागाही खातात. म्हणून नेहमी लागणाऱ्या याद्यांपुरतेच ते करावेत.

शेवटी एक गोष्ट. इंडेक्स क्रम लावतो, खरे-खोटे बघत नाही. लागणीची तारीख चुकली तर चुकीचीच यादी लवकर निघेल, आणि पक्व ऊस फडात उभा राहिला की वजन व उतारा दोन्ही घटतात. तरी तारीख, जात, क्षेत्र व गट नंबर बघूनच नोंदीवर सही करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी