चार ओहमचा सबवूफर चाळीस ओहमचा कसा होतो?

गाडीच्या डिकीतल्या सबवूफरवर ‘४ ओहम’ असं ठळक छापलेलं असतं. ॲम्प्लिफायरकडून येणाऱ्या वायरी सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. दिसेल तो आकडा प्रोबच्या वायरींचा, तो नंतर वजा करायचा. आता प्रोब सबवूफरच्या टर्मिनल्सना लावा. किती आले? ३.४? ३.६? मग कंपनीनं फसवलं का? मुळीच नाही! मीटरनं मोजला तो कॉइलच्या तारेचा निव्वळ रोध. गाणं वाजताना सबवूफर विजेला जो विरोध करतो, तो निराळाच असतो. त्याचं नाव इम्पीडन्स.

प्रोब तसेच ठेवून सबवूफरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, बोटांनी हळूच आत दाबा. पाहा, आकडा उसळला! का? कोनला जोडलेली कॉइल चुंबकाच्या फटीत हलली की तिच्यात वीज तयार होते. म्हणजे प्रत्येक सबवूफर हा छोटा जनरेटरही आहे! ॲम्प्लिफायर त्याला हलवतो, आणि तो हलता हलता उलटा व्होल्टेज तयार करून ॲम्प्लिफायरलाच अडवतो. जितका वेग, तितका विरोध.

हा विरोध मोजायचा कसा? सबवूफरच्या वाटेत १०० ओहमचा एक रेझिस्टर जोडा आणि २० हर्ट्झपासून पुढे एकेक शुद्ध सूर सोडा. रेझिस्टरवरचा व्होल्टेज भागिले १०० म्हणजे करंट. सबवूफरवरच्या व्होल्टेजला या करंटनं भागलं, की त्या सुराचा इम्पीडन्स हाती येतो.

हे आकडे आलेखात मांडले, की कागदावर चक्क डोंगर उभा राहतो! सूर जरा चढवला, की आकडा वाढत वाढत एका ठिकाणी तीस-चाळीस ओहमपर्यंतही जातो आणि पुन्हा खाली येतो. हे शिखर म्हणजे कोनची नैसर्गिक लय. झोपाळ्याला नेमक्या क्षणी बोट लावलं तरी तो उंच जातो ना? तसंच इथे. इवल्याशा करंटवर कोन जोरात हलतो, म्हणून उलटा व्होल्टेजही सर्वांत जास्त.

खरी कमाल पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, बॉक्समध्ये दिसते. तिथे एकाऐवजी दोन शिखरं येतात आणि मध्ये खोल दरी. त्या दरीतल्या सुरावर कोन जवळजवळ थांबलेला असतो. आवाज करत असते ती पोर्टमधली हवा! बॉक्स न उघडता, आत न डोकावता, दोन तारांवरच्या विजेनं आपल्याला हवेची हालचाल सांगितली. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या वळणांचं गणित मांडलं. सबवूफरसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात आजही ‘थील-स्मॉल’ आकडे छापलेले असतात.

सबवूफरचा इम्पीडन्स उष्णतेनंही बदलतो. तांब्याची कॉइल १०० अंशांनी तापली, की तिचा रोध सुमारे ३९ टक्के वाढतो. मोठ्यानं वाजवत राहिलेला सबवूफर हळूहळू मंदावल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हेच.

मात्र ॲम्प्लिफायरला खरा धोका खालच्या आकड्यांचा. रोध निम्मा झाला की करंट दुप्पट. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की होतात २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेतली किमान मर्यादा वाचा, आणि जोडणी झाली की ॲम्प्लिफायरला लावण्याआधी एकदा मीटर लावून पाहाच.