बिट तेच, अर्थ वेगळा

संगणकाच्या मेमरीत सगळी माहिती शून्य आणि एक या दोनच अंकांत साठवलेली असते. ०१०००००१ ही आठ बिटांची ओळ संख्या म्हणून वाचली तर ६५ होते. अक्षर म्हणून वाचली तर आस्की संकेतानुसार रोमन लिपीतला मोठा 'ए'. तिचा अर्थ काय लावायचा आणि तिच्यावर कोणत्या क्रिया करता येतील, हे डेटा टाइपवरून ठरते. पूर्णांक, दशांश संख्या म्हणजे फ्लोट, मजकुराची स्ट्रिंग आणि बूलियन हे त्यातले नेहमीचे प्रकार.

पूर्णांकांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालतात; भागाकाराचे मात्र भाषेनुसार बदलते. सी किंवा जावामध्ये ७ या पूर्णांकाला २ ने भागले की ३ मिळतात, अपूर्णांक गळून पडतो. पायथॉन ३ मध्ये ३.५ येतात. जागेलाही मर्यादा असते. चिन्हासह १६ बिटांत −३२,७६८ ते ३२,७६७ एवढ्याच संख्या मावतात.

फ्लोटमध्ये अचूकतेचा प्रश्न येतो. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, म्हणून पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते. पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये ठेवू नये, ते याचसाठी.

पायथॉनमध्ये स्ट्रिंगसाठी अधिकचे चिन्ह मजकूर जोडते: '५' आणि '३' मिळून '५३' होतात. पायथॉन 'मराठी' या शब्दाची लांबी ५ सांगतो, कारण युनिकोडमध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे आहेत.

बूलियनला खरे आणि खोटे या दोनच किमती. गणिती जॉर्ज बूल यांच्या नावाचा हा प्रकार 'आणि', 'किंवा', 'नाही' या क्रियांनी प्रोग्रामचे निर्णय घडवतो.

खरी जोखीम असते एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून युरोपचे एरियन ५ हे रॉकेट पहिल्यांदाच झेपावले. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची फ्लोट किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना ती मावली नाही. दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. ते सॉफ्टवेअर एरियन ४ साठी लिहिलेले होते; नव्या रॉकेटचा वेग त्याच्या हिशेबात नव्हता.

म्हणून प्रोग्राम शिकणाऱ्याने प्रत्येक किमतीचा प्रकार निवडतानाच ती जास्तीत जास्त किती मोठी होऊ शकेल आणि किती अचूक हवी, हे ठरवून घ्यावे.