अडचण सांगण्याची रीत

दत्तजयंतीच्या महाप्रसादाचा हिशेब संगणकावर लिहावयास घेतला आणि पहिल्याच ओळीत गोंधळ झाला. लिहावयाचे होते, ‘आचाऱ्यांना द्यावयाची रक्कम’; पडद्यावर उमटले, ‘आचार्यांना द्यावयाची रक्कम’. चुलीपाशी राबणारी मंडळी एका क्षणात गुरुपदी जाऊन बसली! हसू आले खरे, पण कितीही वेळा पुसून लिहिले तरी तो रफार काही हटेना.

संगणक जुनाच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल संपली आणि तिची पुढील आवृत्ती या यंत्रावर चालण्याजोगी नव्हती. धडधाकट यंत्र मोडीत घालणे जिवावर आले, तेव्हा काचीगुड्याच्या भाचीने त्यावर डेबियन ही मुक्त प्रणाली बसवून दिली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. त्याच्या आधारे १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियनचा आरंभ केला. ही प्रणाली कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, तीत बदल करावा आणि दुसऱ्यास द्यावी, अशी मोकळीक आहे. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. साहजिकच येथे दुकानदार नाही आणि तक्रारखिडकीही नाही. अडले तर विचारावयाचे ते आपल्यासारख्याच वापरणाऱ्यांना.

मीही अशा एका गटाकडे लिहून पाठविले : ‘मराठी नीट उमटत नाही. त्वरित उपाय सांगावा.’ दोन दिवस कोणीही उत्तर दिले नाही. मी रागावलो. भाचीने माझे ते वाक्य वाचले आणि शांतपणे विचारले, “मामा, कोणती कळ दाबलीत ते कुठे सांगितले आहे तुम्ही?”

प्रश्न वर्मी लागला. ज्याने माझे यंत्र पाहिलेले नाही त्याने काय ओळखावे? मग पुन्हा लिहिले : प्रणालीची आवृत्ती अमुक, कळफलकाची मांडणी इन्स्क्रिप्ट, र, हलन्त आणि य या कळा क्रमाने दाबल्या, ‘ऱ्य’ अपेक्षित होते, ‘र्य’ उमटले, दुसरा टंक निवडून पाहिला, फरक पडला नाही. अर्ध्या तासात उत्तर आले. उत्तर देणारा तेलुगुभाषक होता. संगणकाच्या लेखी साधा र आणि मराठीचा ऱ ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत, ‘सूर्य’ लिहिताना पहिला घ्यावा आणि ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्टची कळ धरून र दाबावा म्हणजे दुसरा मिळेल, असे त्याने समजावून दिले. चूक यंत्राची नव्हती, माझ्या बोटाची होती. दर्या आणि दऱ्या यांतील अंतर मला एका अमराठी माणसाने शिकविले!

या व्यवहाराची रीत ठरलेली आहे. आधी माहितीपुस्तिका आणि पूर्वीचे प्रश्न चाळावेत. यंत्राने दाखविलेला संदेश आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा उतरवावा. आपण काय करून पाहिले ते लिहावे. प्रश्न एकट्या जाणत्याच्या कानी न घालता सर्वांसमक्ष विचारावा, म्हणजे उत्तरही सर्वांचे होते. आणि काम झाले की परत येऊन ‘या उपायाने जमले’ असे अवश्य लिहावे. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. वास्तविक पुढच्या अडलेल्याला वाट दाखविणारी खूण तीच असते.

उत्तर देणाऱ्यांनाही मर्यादा आहेतच. नवख्याला ‘आधी पुस्तक वाच’ म्हणून झिडकारणारे पंडित येथेही भेटतात. स्वतः टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट उत्तरांबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर क्षमा मागितली आणि त्याच सुमारास लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी आचारसंहिता स्वीकारली. डेबियनने तशी संहिता २०१४ साली केली होती. परस्परांचा आदर राखावा आणि समोरच्याचा हेतू चांगला मानून चालावे, हे तिचे सार. त्याही आधी, १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात, ‘आम्ही दोष लपविणार नाही’ असे वचन डेबियनने दिले आहे. ज्या घरात दोष लपविले जात नाहीत, तेथे दोष सांगणारा शत्रू ठरत नाही.

आपल्या हैदराबादेत ‘स्वेच्छा’ ही संस्था २००५ पासून मुक्त प्रणालींचा प्रसार करीत आली आहे आणि तिने तेलुगुतून चालणारी प्रणालीही सिद्ध केली. मराठीत स्वेच्छा म्हणजे स्वतःची इच्छा. तेलुगुत त्याच शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. तेलुगु बांधवांनी आपल्या भाषेचे दोष स्वतः शोधले, सांगितले आणि दुरुस्त केले.

आपल्यालाही ही परंपरा परकी नाही. १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली ती लोकांनी आपणहून हात लावला म्हणूनच. आज पडद्यावरचा ल किंवा श हिंदी वळणाचा उमटला, एखादे जोडाक्षर फुटले, तर परदेशातील स्वयंसेवकाला ते कळणार कसे? त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. मराठीचा दोष मराठी वाचणाराच ओळखू शकतो, आणि तो त्याने नीट सांगितला नाही तर तो तसाच राहील.

तेव्हा वाचकहो, संगणक अडला की नुसते चरफडू नका. काय केले, काय घडले आणि काय घडावयास हवे होते, या तीन गोष्टी कागदावर उतरवा. कित्येकदा लिहिता लिहिताच उत्तर सापडते. न सापडले तर तो कागदच आपली सेवा समजून पुढे पाठवा. महाप्रसादाचा हिशेब आता बिनचूक झाला आहे, आणि आचारी आपल्या जागी सुखरूप परतले आहेत.