'२५ लाव आणि पाठव'

अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून कोड करणाऱ्यांच्या फ्लोअरवर एक सल्ला हमखास ऐकू येतो: 'डिनायल आलंय ना, २५ लाव आणि पाठव.' जणू मॉडिफायर लावला की अडकलेला क्लेम सुटतो! खरं तर कोडला जोडलेला मॉडिफायर म्हणजे चार्टमध्ये काय लिहिलंय याची विमा कंपनीला दिलेली ग्वाही; २५ सांगतो की प्रोसिजरच्या दिवशीच वेगळी व्हिजिटही झाली. चार्टमध्ये ते नसेल, तर पैसे आले तरी क्लेम चुकीचाच. २००२ साली मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने २५ लावलेले जे क्लेम मंजूर केले, त्यांतले ३५ टक्के नियमात बसत नव्हते, असं तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २००५ मध्ये सांगितलं. रक्कम होती ५३.८ कोटी डॉलर.

एक चार्ट घेऊ. उजव्या गुडघ्यात इंजेक्शन द्यायचं मागच्या भेटीतच ठरलंय. डॉक्टर गुडघा बघतात, संमती घेतात, इंजेक्शन देतात. इथे इंजेक्शनचा कोड २०६१० आणि उजवी बाजू दाखवणारा आर-टी, बस. व्हिजिटचा कोड ९९२१३ जोडायचा नाही. तेवढी तपासणी प्रोसिजरच्या पैशांतच धरलेली असते. पण त्याच भेटीत डॉक्टरांनी वाढलेल्या बीपीची चौकशी केली, गोळी बदलली आणि ते नीट लिहिलं, तर २५ लावून व्हिजिट मागता येते. २५ व्हिजिटच्या कोडला लागतो, इंजेक्शनच्या नव्हे. नवखे इथेच गडबडतात.

मग निदान वेगळंच हवं का? नाही. सीपीटी या कोडसंहितेत तशी अट नाही. काम ठळक आणि वेगळं ओळखू येणारं हवं. तरी एकाच निदानावर ते दाखवणं अवघड जातं, हेही खरं.

'पेशंट नवा आहे, म्हणजे व्हिजिट मिळणारच' हाही भ्रम. कोणते कोड एकत्र बिल करता येतात हे ठरवणाऱ्या मेडिकेअरच्या एनसीसीआय नियमांनुसार शून्य किंवा दहा दिवसांच्या ग्लोबलची (म्हणजे प्रोसिजरच्या पैशांत धरलेल्या काळजीच्या मुदतीची) छोटी प्रोसिजर करायचा निर्णय त्या प्रोसिजरमध्येच येतो, पेशंट नवा असो की जुना. नव्वद दिवसांच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय आदल्या किंवा त्याच दिवशी झाला, तर मात्र व्हिजिटला ५७ लागतो.

५९ ची कथा वेगळी. तो व्हिजिटला लागतच नाही; एरवी एकत्र बिल न होणाऱ्या दोन प्रोसिजर वेगळ्या होत्या, हे तो सांगतो. त्वचेच्या एका डागाची बायोप्सी, १११०२, आणि दुसरा डाग गोठवून नष्ट केला, १७०००, तर ५९ चालतो. डाग एकच असेल तर नाही. २०१५ पासून एक्स-ई, एक्स-एस, एक्स-पी, एक्स-यू हे नेमके पर्याय आहेत. इथे वेगळी जागा सांगणारा एक्स-एस जास्त चपखल. आणि एनसीसीआयच्या यादीत कोडच्या जोडीपुढे ० असेल, तर कुठलाही मॉडिफायर ती जोडी सोडवत नाही. अपील लिहीत बसण्याआधी तो आकडा बघावा.

एकाच वेळी अनेक प्रोसिजर दाखवणाऱ्या ५१ साठी जीव टाकू नये. मेडिकेअरला तो लावून नको असतो, त्यांची यंत्रणा स्वतःच हिशोब करते.

नोट अपुरी वाटली, तर डॉक्टरांना क्वेरी पाठवायची. 'बीपीसाठी काही केलं होतं का?' असं मोकळं विचारायचं, 'बीपीचं लिहा म्हणजे २५ लावता येईल' असं नव्हे. खरंच केलेलं काम लिहायचं राहिलं असेल, तर डॉक्टर नोंद लिहितात त्याच दिवसाची तारीख टाकून पुरवणी नोंद करतात, भेटीची नव्हे. ती आली नाही, तर व्हिजिट सोडून द्यायची.